दर शब्दाला, दर जीबीला

क्लाउडचं बिल कधी नीट वाचलंय? म्हणजे खालचा आकडा बघून कपाळाला हात लावणं वेगळं आणि ओळ न् ओळ वाचणं वेगळं. त्यात एक ओळ असते, ‘डेटा ट्रान्सफर आउट’. मशीनचं भाडं समजतं, डिस्कचं भाडं समजतं, ही ओळ मात्र पुष्कळांना शेवटपर्यंत समजत नाही. आपणच ठेवलेली फाइल, आपल्याच लोकांनी मागितली म्हणून पाठवली, त्याचे हे पैसे. आणि गंमत म्हणजे तीच फाइल आत टाकताना कुणी एक छदामही मागितलेला नसतो.

थोडा हिशेब आधीच मांडतो. ॲमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रात एक जीबी महिनाभर ठेवायला (एस-थ्री नावाच्या त्यांच्या नेहमीच्या गोदामात) अडीच सेंट पडतात. तोच एक जीबी एकदा इंटरनेटवर बाहेर पाठवायला जवळजवळ अकरा सेंट. म्हणजे चार महिने सांभाळण्याचं भाडं एका पाठवणीत खलास. तांदळाचं पोतं गोदामात ठेवायचे महिन्याला पंचवीस रुपये आणि दाराबाहेर काढायचे एकशे नऊ, असा भाव मार्केट यार्डात कुणी सांगितला तर हमालसुद्धा हसतील. इथे मात्र आपण क्रेडिट कार्डाचा नंबर देऊन मोकळे होतो.

हे असं का, हे शोधायला म्हणून मी दरपत्रकं वाचायला बसलो आणि भरकटत भरकटत टपाल आणि तारेच्या इतिहासात जाऊन पोचलो. (माझं नेहमीचंच.) पण भरकटणं वाया गेलं नाही. कारण हा प्रश्न क्लाउडचा नाहीच मुळी. निरोप पोचवण्याचे पैसे कुणी द्यायचे, कशाच्या मापाने द्यायचे, आणि त्या पैशाचा प्रत्यक्ष खर्चाशी संबंध किती, हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. आणि प्रत्येक वेळी असं दिसतं की माप ठरवताना हमालीपेक्षा दार कुणाच्या ताब्यात आहे यालाच जास्त वजन असतं.

तर, सुरुवात टपालापासून.

१८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्याने द्यायचे असत. दर दोन गोष्टींवर ठरे, अंतर किती आणि कागद किती. एकाऐवजी दोन कागद घातले की दुप्पट. त्यामुळे लोक एका कागदावर आडव्या ओळी लिहून झाल्या की कागद फिरवून त्याच ओळींवरून उभ्या ओळी लिहीत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो, दर एका कागदाचाच! टपाल कचेरीतले कारकून पत्र मेणबत्तीसमोर धरून आत किती कागद आहेत ते तपासत बसायचे. आज जे काम मीटर करतो ते तेव्हा मेणबत्ती करायची.

त्या काळातली एक गोष्ट कवी कोलरिजच्या नावावर सांगतात. एका खेड्यात पोस्टमन पत्र घेऊन आला, एका बाईने ते उलटसुलट करून बघितलं आणि पैसे नाहीत म्हणून परत केलं. कोलरिजला दया आली, त्याने शिलिंग भरून पत्र सोडवून दिलं. पोस्टमन गेल्यावर बाईने पत्र उघडून दाखवलं तर आत कोरा कागद! भावाशी ठरलेलं होतं, तो खुशाल आहे एवढं सांगायला कोरं पत्र पाठवायचं आणि हिने ते बाहेरूनच बघून परत करायचं. निरोप पोचला, टपालखात्याला भोपळा.

तुम्हाला मिस्ड कॉल आठवला ना? मलाही. आपल्याकडे १९९५ मध्ये मोबाईल आला तेव्हा करणाऱ्याला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आणि वर काही पैसे पडायचे, आणि घेणाऱ्यालाही वेगळे. २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला, पण तोवर आणि त्यानंतरही ‘पोचलो की एक रिंग दे’ ही अख्ख्या देशाची रीत होऊन बसली होती. याचं पुढचं प्रकरण आणखी मजेदार आहे. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या नेटवर्कवर उतरला की पहिलीने दुसरीला मिनिटाला काही पैसे द्यायचे असा नियम होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओने हे सहा पैसे ग्राहकांकडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांची तक्रार ही, की दुसऱ्या कंपन्यांचे ग्राहक आमच्या ग्राहकांना मिस्ड कॉल देतात, मग आमचे लोक उलटा फोन करतात आणि भुर्दंड आम्हाला! १ जानेवारी २०२१ पासून ते सहा पैसे शून्यावर आले. कोलरिजच्या त्या बाईचा वाद आपल्याकडे असा दूरसंचार नियामकाच्या कागदावर मिटला.

असो. मुद्दा रोलंड हिलचा आहे. हा पेशाने शिक्षक. १८३७ मध्ये त्याने टपाल सुधारणेवर एक पुस्तिका काढली, आणि तीत एक हिशेब केला जो मला आजच्या क्लाउडच्या बिलासाठीही मोलाचा वाटतो. लंडनहून एडिंबरोला पत्र पाठवायला शिलिंगाहून जास्त पडत, म्हणजे बारा पेनीहून जास्त. हिलने विचारलं, की गाडीतून ते पत्र तिथवर वाहून न्यायला खरा खर्च किती? त्याचं उत्तर आलं एका पेनीचा छत्तिसावा भाग. आकार आणि खर्च यांत चारशे पटींहून जास्त फरक! मग बाकीचा खर्च जातो कुठे? तर पत्र घेणं, कागद मोजणं, अंतर बघून दर लावणं, नोंद करणं, दारात उभं राहून पैसे वसूल करणं. म्हणजे खर्चाचा मोठा भाग पैसे आकारण्याच्या खटाटोपाचाच होता. अंतराला काही अर्थ नाही, देशभर एकच दर ठेवा, आणि पैसे पाठवणाऱ्याकडून आधीच घ्या, असं त्याचं म्हणणं. जानेवारी १८४० मध्ये एक पेनीचा सरसकट दर आला, मे महिन्यात चिकटवायचं तिकीट आलं. १८३९ मध्ये सुमारे साडेसात कोटी पत्रं गेली होती, १८४० मध्ये सतरा कोटींच्या आसपास. टपालखात्याचा निव्वळ नफा मात्र धाडकन कोसळला आणि पूर्वीइतका व्हायला कित्येक वर्षं लागली. हेही सांगायला हवं. दर उतरवणं म्हणजे कुणाच्या तरी खिशात हात घालणंच असतं.

आपल्याकडे १८५४ मध्ये तेच झालं. पाव तोळ्याच्या पत्राला देशभर कुठेही अर्धा आणा. न भरलेलं पत्र घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करायचं, ज्याला आपण ‘नॉटपेड’ म्हणत आलो. घरात नॉटपेड पत्र आलं की ते कुणाचं असेल यावर आधी चर्चा आणि मग सुट्ट्या पैशांची शोधाशोध.

तारेची गोष्ट मात्र वेगळी. तिथे मापाला थोडा तरी आधार होता. एक तार, एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला एक माणूस. एक शब्द जात असेल तोवर दुसरा जाऊ शकत नाही. समुद्राखालच्या लांब केबलमध्ये तर वेग फारच कमी. म्हणजे शब्दागणिक खरोखरच जागा अडते. १८५५ मध्ये हिंदुस्थानात तार लोकांना खुली झाली तेव्हा चारशे मैलांना सोळा शब्दांचा एक रुपया असा दर होता. १८६६ मध्ये अटलांटिकखालची केबल सुरू झाली तेव्हा वीस शब्दांना वीस पौंड! हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातली पहिली तार १८६५ मध्ये इराणच्या आखातातून सुरू झाली, वीस शब्दांना पाच पौंडांच्या घरात. ती जमिनीवरून तुर्कस्तान वगैरे देशांतून जायची, आणि मधल्या अनेक हातांतून जाताना शब्दांची जी काही खिचडी व्हायची त्याबद्दल व्यापारी कायम कावलेले. मग १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनकडे केबल टाकत नेली, पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत ती इंग्लंडला जोडली गेली, आणि मुंबईचा कापूसवाला लिव्हरपूलच्या भावाला काही तासांवर आला.

अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना (१८६१ ते १८६५) मुंबईत कापसाच्या जिवावर लोक लखपती झाले आणि युद्ध थांबल्यावर भिकेला लागले, ते सगळं बोटीने येणाऱ्या बातमीवर. बातमीला आठवडे लागायचे. १८७० नंतर ती त्याच दिवशी येऊ लागली. पण प्रत्येक शब्दाला पैसे, आणि पत्त्याचे शब्दही मोजायचे! म्हणून व्यापारी पेढ्यांनी आपले एका शब्दाचे तारेचे पत्ते नोंदवून घेतले. जुन्या लेटरहेडवर ‘ग्राम्स’ असं लिहून पुढे एक चमत्कारिक शब्द असायचा, तो हा. अगदी १९९० पर्यंत फोर्टातल्या कचेऱ्यांच्या कागदांवर तो दिसायचा, आणि लोकांना त्याचं कारण माहीत नसायचं.

आणि मजकुराचं काय? मजकुरासाठी कोड आले. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम क्लॉसन-थू याने ‘एबीसी कोड’ नावाचं जाडजूड पुस्तक काढलं. कल्पना साधी. व्यापाऱ्यांना लागणारी हजारो तयार वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यासमोर एक शब्द. दोन्ही टोकांना तेच पुस्तक असलं की झालं. ‘तुमचं अमुक तारखेचं पत्र मिळालं, माल पाठवतो आहे’ हे अख्खं वाक्य एका शब्दात जातं. एका शब्दाला शिलिंगं मोजणाऱ्याला पुस्तकाची किंमत चार तारांत वसूल. पुढे धंद्या-धंद्याची कोडपुस्तकं निघाली. मोठ्या पेढ्या स्वतःची खासगी पुस्तकं छापून घेत आणि ती तिजोरीत ठेवत, कारण स्पर्धकाला वाचता येऊ नये हा दुसरा फायदा.

आता केबलवाल्यांनी आणि सरकारांनी गप्प बसावं का? त्यांचं उत्पन्न शब्दांवर. मग ‘शब्द’ म्हणजे काय याची व्याख्या करायला राष्ट्राराष्ट्रांच्या परिषदा भरू लागल्या. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ठरलं की शब्द पंधरा अक्षरांपेक्षा मोठा नको. १८७९ मध्ये कोडच्या शब्दांना दहा अक्षरांची मर्यादा आली, आणि तो शब्द ठराविक आठ भाषांमधला खराखुरा शब्द असला पाहिजे अशी अट. त्या आठांत लॅटिन होती. म्हणजे मुंबईचा व्यापारी लिव्हरपूलला कापसाचा भाव लॅटिन शब्दांनी कळवायला मोकळा, पण मराठी-गुजराती शब्दांनी नाही. मग लोक खोटे शब्द करून खरे म्हणून खपवू लागले, आणि खिडकीवरचा कारकून कोश उघडून भांडू लागला. शेवटी १९०३ च्या लंडन परिषदेत हात टेकले गेले. उच्चार करता येईल असा कोणताही दहा अक्षरी शब्द चालेल. यावर कोडवाल्यांनी काय करावं? पाच-पाच अक्षरांचे शब्द बनवले आणि दोन-दोन जोडून एका शब्दाच्या भावात पाठवले! १९०६ मध्ये आलेला बेंटलीचा कोड याच युक्तीवर उभा होता आणि प्रचंड खपला. वर्षानुवर्षं हा उंदीर-मांजराचा खेळ चालला. दर लावणाऱ्याने एक माप ठरवायचं आणि देणाऱ्याने त्याच मापाच्या फटीतून निसटायचं.

निसटण्याची किंमतही मोजावी लागते, आणि तिचं उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात कायमचं नोंदलं गेलंय. फिलाडेल्फियाचा लोकरीचा व्यापारी फ्रँक प्रिमरोज. जून १८८७ मध्ये त्याने कॅन्सासमधल्या आपल्या माणसाला कोडमध्ये तार केली. त्यांच्या कोडात बी-ए-वाय या तीन अक्षरांचा अर्थ होता ‘मी खरेदी केली आहे’. वाटेत कुठेतरी त्या ‘ए’चं ‘यू’ झालं. पोचलेली तार म्हणत होती, बी-यू-वाय, म्हणजे खरेदी कर. मोर्समध्ये ‘ए’ म्हणजे टिंब-रेघ आणि ‘यू’ म्हणजे टिंब-टिंब-रेघ. एका टिंबाचा फरक! त्या माणसाने लोकर घेत सुटायचं ते सुटला. प्रिमरोजचं नुकसान वीस हजार डॉलरच्या वर. त्याने तार कंपनीवर दावा लावला. १८९४ मध्ये निकाल लागला की तारेच्या फॉर्मवर मागच्या बाजूला अटी छापलेल्या आहेत, जादा पैसे भरून तार उलट तपासून घेण्याची सोय होती, ती प्रिमरोजने घेतली नाही, तेव्हा त्याला परत मिळतील ते तारेचे पैसे. एक डॉलर पंधरा सेंट.

मला हा निकाल वाचताना नेहमी वाटतं की साध्या इंग्रजीत लिहिलेल्या तारेत अशी चूक झाली असती तर वाचणाऱ्याला शंका तरी आली असती. भाषेत जो फापटपसारा असतो तो उगाच नसतो, तो चूक पकडतो. तो पिळून काढला की पैसे वाचतात, पण मग एक टिंब पुरतं. नंतरच्या कोडपुस्तकांत कोणतेही दोन शब्द निदान दोन अक्षरांनी वेगळे असतील अशी काळजी घेऊ लागले, ती याच धड्यातून.

(जाता जाता, मुंबईचा मटका. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद भावावर लोक पैसे लावत, त्यातून ‘आकडा’ जन्माला आला असं सांगतात. केबल कंपनीच्या मालकांनी हा उपयोग स्वप्नातही पाहिला नसेल.)

टेलिफोनबद्दल फार लिहीत नाही. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होतो म्हणून बूथसमोर लागणाऱ्या रांगा तुम्हीही बघितल्या असतील. तार तीच, अंतर तेच, फक्त रात्री ती रिकामी असते. आणि बीएसएनएलच्या ब्रॉडबँडची ती योजना, रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद डाउनलोड! गजर लावून उठून सिनेमे डाउनलोडला लावणारी एक पिढीच्या पिढी होती. रिकाम्या वेळेला स्वस्त हा भाव मला तरी सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

कारण इंटरनेटच्या घाऊक बाजारात अजूनही हेच चालतं, आणि हे सामान्य गिऱ्हाइकाला सहसा माहीत नसतं. तिथे जीबी कुणी मोजत नाही, पाइप किती जाडीचा लागला ते मोजतात. दर पाच मिनिटांनी वेग नोंदवायचा, महिन्याच्या सगळ्या नोंदी उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या पाच टक्के फेकून द्यायच्या आणि उरलेल्यांत जी सर्वांत वर असेल तिचे पैसे घ्यायचे. पाच टक्के म्हणजे महिन्यातले छत्तीस तास. तेवढा वेळ कितीही धुमाकूळ घातला तरी माफ. आणि दोन नेटवर्कांची देवाणघेवाण साधारण सारखी असेल तर ती बऱ्याचदा एकमेकांना काहीच आकारत नाहीत, मध्ये एक जोड टाकतात आणि विषय संपवतात. आपल्याकडे २००३ मध्ये निक्सी सुरू झालं ते अशा जोडासाठीच. त्याआधी मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली मेल परदेशात फेरी मारून येऊ शकत होती, आणि त्या फेरीचं भाडं आपण डॉलरमध्ये भरत होतो. दादरहून परळला जायला सिंगापूरमार्गे!

हा घाऊक भाव किती पडला बघा. अमेरिकेत १९९८ च्या सुमारास एक मेगाबिट वेगाचा महिन्याचा दर बाराशे डॉलरच्या आसपास होता. २०१५ पर्यंत तो एका डॉलरच्याही खाली आला.

आता क्लाउड. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने एस-थ्री सुरू केलं तेव्हाचा दर, एक जीबी महिनाभर ठेवायला पंधरा सेंट, पाठवायला वीस सेंट. आत आणायलाही वीस सेंट. तेव्हा हे दर लोकांना स्वस्त वाटले आणि ते खरंच स्वस्त होते. जुलै २०११ मध्ये आत येणाऱ्याचे पैसे माफ झाले. यात धर्मादाय काही नाही. त्यांच्याकडून बाहेर जाणारा प्रवाह आत येणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा, पाइप मात्र दोन्ही दिशांना सारखाच जाड, म्हणजे आतली बाजू तशीही रिकामी. शिवाय माल एकदा आत आला की तो बाहेर काढताना भेट होणारच आहे!

अमेरिकेतल्या केंद्रात ठेवण्याचा दर पंधरा सेंटवरून २०१६ अखेर २.३ सेंटवर आला, म्हणजे साडेसहा पटींनी उतरला. पाठवण्याचा दर वीसवरून २०१४ अखेर नऊवर आला आणि किरकोळ गिऱ्हाइकासाठी तिथेच बसून राहिला, २०२५ मध्येही नऊच. (२०२१ अखेरपासून महिन्याचे पहिले शंभर जीबी फुकट केले, ते छोट्यांना बरं झालं.) आता हिलसारखं गणित करू. एक मेगाबिटचा पाइप महिनाभर अखंड भरून वाहिला तर ३२४ जीबी जातात. नऊ सेंटने त्याचे २९ डॉलर. घाऊक बाजारात तोच पाइप एका डॉलरच्या आत.

थांबा, लगेच दगड उचलू नका. हिलचं गणित इथे जसंच्या तसं लावणं अन्याय होईल. पाइप कधीच अखंड भरून वाहत नाही. क्लाउडवाले स्वतःच्या समुद्री केबल टाकतात, राउटर ठेवतात, हल्ले अडवतात, ऐन गर्दीच्या वेळेसाठी जागा राखून ठेवतात, आणि हे सगळं त्या नऊ सेंटांत आहे. पण मग इतका फरक? ठेवण्याच्या दरात गिऱ्हाईक चार दुकानं फिरून तुलना करतं, म्हणून तो उतरतो. बाहेर काढण्याच्या दराचा विचार आत जाताना कुणी करत नाही, आणि आत गेल्यावर करून उपयोग नसतो. लॉजच्या खोलीचं भाडं सगळे विचारतात, चेक-आउटचं कोण विचारतो?

माझा एक मित्र जुन्या कीर्तनांच्या कॅसेट आणि स्पूल जमवून त्यांचं डिजिटल रूप लोकांना ऐकायला ठेवतो. पदरमोड करून. त्याचं बिल फुगायला लागलं तेव्हा आम्ही दोघं एक रविवार घालवून ती ओळ फोडत बसलो. (कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच असतं.) ‘अरे, एवढे लोक कीर्तन ऐकतात?’ असं तो आधी आनंदाने म्हणाला, पण तो आनंद टिकला नाही. पैशांचा एक मोठा हिस्सा श्रोत्यांचा नव्हताच. त्याचा फायली बदलणारा सर्व्हर त्याच कंपनीच्या, त्याच शहरातल्या गोदामातून मूळ ध्वनिफीत आणताना नॅट गेटवे नावाच्या नाक्यावरून जात होता आणि तिथे दर जीबीला टोल बसत होता. त्याच गोदामाला जाणारा फुकटचा मागचा दरवाजा उपलब्ध असतो, पण तो आपण मागून घ्यावा लागतो. आपोआप मिळतो तो नाका. दुसरा हिस्सा, एकाच शहरातल्या दोन इमारतींत विभागलेले सर्व्हर एकमेकांशी बोलत होते त्याचा. दर जीबीला एक सेंट, पाठवणाऱ्याकडूनही आणि घेणाऱ्याकडूनही. १९९५ चा मोबाईलच की हा!

उरला खराखुरा श्रोत्यांचा हिस्सा. तिथे कामाला आलं ते जुनं कोडपुस्तकच. तो श्रोत्यांना मूळ दर्जाची फाइल देत होता, अर्ध्या तासाला तीनशे जीबी नव्हे, पण तीनशे एमबी सहज. एका माणसाचा आवाज, टाळ आणि मृदंग यांना ६४ किलोबिटची फाइल पुष्कळ झाली, अर्ध्या तासाला साडेचौदा एमबी. वीस पटींहून जास्त बचत. ज्याला अभ्यासासाठी मूळ हवी त्याने मागून घ्यावी. आणि लोकप्रिय कीर्तनं श्रोत्यांच्या जवळच्या साठ्यात ठेवायची, म्हणजे दर वेळी मूळ गोदामाचं दार उघडायला नको. या दारवाल्यांत आता स्पर्धाही आहे. क्लाउडफ्लेअरने २०२२ मध्ये बाहेर काढण्याचा दर शून्य असलेलं गोदाम उघडलं, ठेवण्याचे पैसे घेतात, काढण्याचे नाहीत.

कीर्तनाचं ठीक आहे हो, असं कुणी म्हणेल. तर मोठ्यांची गोष्ट बघा. नासाचा पृथ्वीविषयक डेटा, म्हणजे उपग्रहांनी टिपलेला पाऊस, बर्फ, जंगलं, समुद्र, जगभरच्या शास्त्रज्ञांना फुकट मिळतो. आपल्याकडचे विद्यार्थीही तो वापरतात. हा साठा ३२ पेटाबाइटवरून २०२५ पर्यंत २४७ वर जाईल असा अंदाज होता, म्हणून तो क्लाउडवर हलवायचं ठरलं. मार्च २०२० मध्ये नासाच्याच महानिरीक्षकांनी अहवाल देऊन टोकलं, की स्वतःच्या केंद्रांतून कुणी डेटा उतरवून घेतला तर नासाला वेगळे पैसे पडत नव्हते, क्लाउडवरून घेतला तर प्रत्येक वेळी पडतील, आणि खर्च आवरायला उद्या उतरवण्यावर मर्यादा घातली तर शास्त्रज्ञांना डेटा मिळणं कमी होईल. म्हणजे डेटा फुकट, दार महाग. एखाद्या विद्यार्थिनीला दुष्काळाचा अभ्यास करायचा आहे आणि ती ‘फार डाउनलोड करते’ म्हणून अडते, ही त्या ओळीची खरी किंमत.

सरकारं हळूहळू जागी होताहेत. युरोपीय महासंघाचा डेटा कायदा जानेवारी २०२४ मध्ये अंमलात आला आणि सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. एक क्लाउड सोडून दुसरीकडे जाणाऱ्याकडून डेटा काढण्याचे पैसे पूर्ण बंद करण्यासाठी त्यात १२ जानेवारी २०२७ ही तारीख आहे. कायदा येतोय म्हटल्यावर गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि ॲमेझॉन-मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये, कायमचं सोडून जाणाऱ्यांना हे पैसे जगभर माफ करून टाकले. पण नीट वाचा हं, कायमचं जाणाऱ्यांना. आधी कळवायचं, आणि ॲमेझॉनकडे साठ दिवसांत सगळं हलवायचं. जो राहतोय आणि रोज श्रोत्यांना फायली देतोय त्याचा मीटर चालूच.

मित्राने यावर आपला उपाय काढला. नागपूरच्या एका संग्राहकाला मूळ ध्वनिफितींची पूर्ण प्रत हवी होती, चार टीबी. मुंबईच्या त्या अकरा सेंटच्या भावाने चारशे डॉलरच्या वर. घरच्या कपाटात आणखी एक प्रत होतीच. तिच्यावरून हार्ड डिस्क भरली, जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात घातली आणि पार्सलने रवाना केली. दोन दिवसांत पोचली. हसू नका, २०१६ मध्ये ॲमेझॉननेही शंभर पेटाबाइट मावणारा अख्खा कंटेनर ट्रक याच कामासाठी काढला होता. २०२४ मध्ये तो त्यांनी बंद केला. आणि तो ट्रक माल आत आणण्यासाठी होता, बाहेर न्यायला नाही.